वाळू, टाकणखार आणि रॉड : धातूच्या सांध्याचा इतिहास कसा वाचायचा

पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. या टप्प्यावर बहुतेक जण अडतात ते एकाच जागी. विषय असतो, पण प्रश्न नसतो. "चंद्रपूर जिल्ह्यातील लोहउद्योगाचा इतिहास" हा विषय झाला. त्यात तुम्हाला नेमकं काय शोधायचंय, हे अजून सांगितलेलं नाही.

म्हणून आज एक छोटा प्रश्न घेऊ आणि तो कुठपर्यंत नेतो ते बघू. प्रश्न असा : धातूचे दोन तुकडे एकमेकांना कायमचे कसे चिकटतात, आणि आपल्या भागातल्या माणसांनी हे काम कोणकोणत्या पद्धतींनी केलं? यात रसायनशास्त्र आहे, इतिहास आहे आणि चिमूरच्या रस्त्यावरचं वेल्डिंगचं दुकानही आहे. तुम्ही विज्ञान शाखेचे असाल तर इतिहासाची भीती वाटू देऊ नका. इतिहासवाले असाल तर चार समीकरणांना घाबरू नका. समीकरणं मी लिहिणारच नाहीये.

कागदावरचं लोखंड

चिमूर म्हटलं की आपल्याला १६ ऑगस्ट १९४२ आठवतो, नाहीतर बालाजीची घोडायात्रा. लोखंडाच्या इतिहासात चिमूर कुणी शोधत नाही. पण नकाशा समोर ठेवा. एका बाजूला, सिंदेवाहीकडे, लोहाऱ्याची लोहखनिजाची टेकडी. दुसऱ्या बाजूला वरोऱ्याचा कोळसा. चिमूर या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात.

हा योगायोग इंग्रजांच्याही लक्षात आला होता. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाच्या धंद्याबद्दलचा अहवाल निघाला. जमशेटजी टाटांनी तो वाचला. नागपूरला त्यांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, म्हणजे चांदा त्यांना परका नव्हता. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासून घेतले. निकाल निराशाजनक आला. मोठ्या भट्टीसाठी लागणारा कोक त्या कोळशापासून होईना.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी पुन्हा प्रयत्न केला. चार्ल्स पेज पेरिन या अमेरिकन अभियंत्याचा सहकारी सी. एम. वेल्ड चांद्याच्या जंगलात खनिज शोधत हिंडला. सोबत दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला होते. माणसाचं नाव वेल्ड, आणि खनिज व कोळसा यांचा सांधा काही जुळला नाही! खनिज चांगलं होतं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल असा एकत्र साठा नव्हता. पुढे नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींना एक भूगर्भीय नकाशा दिसला. त्यावर पी. एन. बोस यांनी दाखवलेलं दुर्ग भागातलं लोखंड होतं. तिथून शोधाची दिशा बदलली आणि शेवटी १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी उभी राहिली, ती साकचीच्या कारखान्यासाठी. साकची म्हणजे आजचं जमशेदपूर.

ही गोष्ट बरेचदा "चांद्याला जमलं नाही" अशी सांगितली जाते. आता संशोधक म्हणून इथे थांबा. श्वार्ट्झच्या अहवालाच्या शीर्षकातच लोखंडाच्या धंद्याचं आर्थिक भवितव्य असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे अहवालाचा प्रश्न होता : इथे भांडवल गुंतवलं तर परवडेल का? उत्तर "नाही" आलं, तेही त्या प्रश्नाचं. या भागातल्या माणसांना लोखंड करता येत होतं का, ते जोडता येत होतं का, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नव्हता. साधनाला जो प्रश्न विचारलेला असतो, त्याचंच उत्तर ते देतं. सरकारी अहवाल वाचताना ही गोष्ट आधी वहीत लिहून ठेवा.

सांधा कशामुळे होतो

आता प्रयोगशाळेत येऊ. समजा लोखंडाचे दोन अगदी स्वच्छ पृष्ठभाग आहेत, अणूअणूपर्यंत स्वच्छ. ते एकमेकांना टेकवले तर काय होईल? ते जुळतील. या तुकड्यातला अणू कुठला आणि त्या तुकड्यातला कुठला, हे धातूला कळत नाही. धातूचा बंध तसाच पुढे चालू राहतो.

मग टेबलावर ठेवलेले दोन खिळे एकमेकांना का चिकटत नाहीत? एक कारण म्हणजे पृष्ठभाग खडबडीत असतात. खरं कारण दुसरं आहे. हवेतल्या ऑक्सिजनमुळे प्रत्येक तुकड्यावर ऑक्साइडचा पापुद्रा बसलेला असतो. तुम्ही लोखंडाला लोखंड टेकवत नसता, गंजाला गंज टेकवत असता. तापवलं तर पापुद्रा आणखी जाड होतो. लोहाराच्या भट्टीतून निघालेल्या लोखंडावर काळी खपली दिसते, ती हीच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की धातू जोडण्याचा सगळा इतिहास म्हणजे हा पापुद्रा हटवण्याचा इतिहास आहे. उष्णता लागतेच. पण नुसत्या उष्णतेने सांधा होत नाही, उलट बिघडतो. हे सूत्र हातात धरलं की लोहार, कासार आणि आजचा वेल्डर हे तिघे एकाच अडचणीवर काम करताना दिसतात.

वाळूची चिमूट

लोहाराची पद्धत आधी बघू. दोन तुकड्यांची टोकं तिरकी ठोकायची, भट्टीत पांढरट पिवळी होईपर्यंत तापवायची, वर बारीक वाळू टाकायची, ऐरणीवर एकावर एक ठेवायची आणि घण मारायचा. तापमान साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअस. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. म्हणजे इथे लोखंड वितळलेलंच नसतं. मऊ, घन अवस्थेतच ते जुळतं.

वाळू कशाला? लोखंडाच्या काळ्या खपलीतला मुख्य ऑक्साइड साधारण १३७० अंशांना वितळतो. भट्टीच्या कामाच्या तापमानाला तो घट्टच राहतो आणि सांध्यात अडकतो. वाळू म्हणजे सिलिका. ती या ऑक्साइडशी मिळाली की फायलाइट नावाचं सिलिकेट तयार होतं, आणि ते साधारण १२०५ अंशांनाच पातळ होतं. घणाचा घाव पडला की हा पातळ रस ठिणग्यांसारखा बाहेर उडतो आणि मागे उरतं लोखंडाला लोखंड. लोहाराला फायलाइट हा शब्द ठाऊक असायची गरज नव्हती. ठिणग्या कशा उडतात यावरून त्याला सांधा बसला की नाही हे कळायचं.

आता यातली खरी गंमत. जुन्या छोट्या भट्टीत, लाकडी कोळशावर काढलेलं लोखंड कधीच पूर्ण वितळत नसे. स्पंजसारखा गोळा मिळायचा आणि तो ठोकून ठोकून त्यातली मळी बाहेर काढायची. ती सगळी निघत नाही. थोडी आतच राहते, ठोकताना लांबते आणि लोखंडात बारीक धाग्यांसारखी पसरते. ही मळी म्हणजे बरीचशी तीच फायलाइट! म्हणजे या लोखंडात पापुद्रा हटवणारा पदार्थ आधीच भरलेला असतो. म्हणून जुनं लोखंड भट्टीत सहज जुळतं आणि कारखान्याचं स्वच्छ पोलाद तितकं सहज जुळत नाही. आजच्या मापाने जी अशुद्धी, ती लोहाराच्या सोयीची होती.

दिल्लीचा लोहस्तंभ असाच घडलेला आहे. वजन सहा टनांच्या वर, वय सुमारे १६०० वर्षं. तो ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, एकमेकांवर ठोकून जोडलेले आहेत. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी तो का गंजत नाही यावर बरंच काम केलं. सिनॉप्सिस लिहिण्याआधी त्यांचं लेखन जरूर वाचा. एका वस्तूला किती वेगवेगळे प्रश्न विचारता येतात, ते त्यातून कळतं.

आणि विदर्भ? नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंडला १९७० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वीची आहे, शिळावर्तुळं उभारणाऱ्या लोकांच्या काळातली. नागपूरजवळच्या माहूरझरीला त्याच संस्कृतीची लोखंडी अवजारं मिळाली. तिथल्या एका पोलादी छिन्नीचा धातुशास्त्रीय अभ्यास २०१० मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे "चांद्याला जमलं नाही" ही ओळ लिहिण्याआधी अडीच हजार वर्षं मागे जाऊन बघायला हवं.

बैलगाडीची धाव : एक दस्तऐवज

माहूरझरीची छिन्नी संग्रहातली वस्तू झाली. तुमच्या गावात काय आहे? जुन्या वाड्याच्या मागे, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली बैलगाडीच्या चाकाची धाव असेल. शंकरपट बघायला जाणाऱ्यांना आणि झाडीपट्टीत वाढलेल्यांना धाव म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी : लाकडी चाकावर बाहेरून चढवलेली लोखंडी पट्टी.

धावेचा सांधा हा भट्टीतल्या सांध्याची सगळ्यात कडक परीक्षा आहे. लोहार लांब पट्टी वाकवून गोल करतो आणि टोकं जोडून कडं बनवतो. हे कडं चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवतात. मग गोवऱ्या-लाकडांच्या जाळात ते तापवतात, फुगलं की चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसतं आणि चाकाचे सगळे आरे आवळले जातात.

हिशोब करून बघा. चाकाचा व्यास १.२ मीटर धरला तर घेर सुमारे ३.८ मीटर. लोखंड दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रोमीटर वाढतं. ५०० अंशांनी तापवलं तर घेर दोन-अडीच सेंटीमीटर वाढेल. थंड होताना तेवढंच आकसायचा प्रयत्न होतो, पण मध्ये लाकूड आडवं येतं. तो सगळा ताण पट्टीवर पडतो, आणि पट्टीत कच्चा दुवा एकच, तो म्हणजे सांधा. सांध्यात खपली अडकली असेल तर पाणी ओतताक्षणी तो उकलणार. पुढे वर्षानुवर्षं दगडधोंड्यांतून चाललेली धाव आजही गोल असेल, तर त्या लोहाराचं काम पास झालेलं आहे. त्याची सही कुठल्याच कागदावर नाही, पण ती पट्टीवर आहे.

इथून तुमचा संशोधनाचा प्रश्न सुरू होतो. ही पट्टी कोणत्या लोखंडाची आहे? तीन शक्यता आहेत. छोट्या भट्टीतलं देशी लोखंड, परदेशातून आलेलं मळीयुक्त कारखानी लोखंड, किंवा कारखान्याचं स्वच्छ पोलाद. पहिल्या दोहोंत मळीचे धागे असतील, तिसऱ्यात नसतील. पहिलं आणि दुसरं वेगळं करायला मळीचं रासायनिक विश्लेषण लागेल. एका तालुक्यातल्या पन्नास जुन्या धावा आणि अवजारं अशी तपासली, तर कोणत्या घरात कोणतं लोखंड पोचलं होतं याचा अंदाज बांधता येईल. पोलाद आलं तेव्हा लोहाराला जोडण्याची रीत बदलावी लागली असेल, हे माझं गृहीतक आहे. ते तपासायचं काम अजून बाकी आहे. हवं असेल तर घ्या, विषय रिकामा आहे.

कासाराचा टाकणखार

लोखंडाकडून पितळेकडे येऊ. चिमूरहून उत्तरेला भंडारा, पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. आपल्याकडचा पाण्याचा गुंड जुना असेल तर तो उजेडात धरा. पोटावर किंवा बुडाशी जोडाची रेघ दिसेल. पत्र्याचे भाग वेगवेगळे ठोकून मग झाळलेले असतात. "झाळणे" हा आपला जुना शब्द आज ज्याला ब्रेझिंग म्हणतात त्याच्या अगदी जवळचा आहे.

ब्रेझिंगमध्ये मूळ धातू वितळवायचा नसतो. त्याच्यापेक्षा कमी तापमानाला वितळणारा दुसरा धातू फटीत सोडायचा असतो. हा भरणीचा धातू ४५० अंशांच्या वर वितळत असेल तर ब्रेझिंग, खाली वितळत असेल तर सोल्डरिंग, अशी आजची व्याख्या आहे. तांब्यासाठी किंवा लोखंडासाठी पितळाची भरणी वापरली तर ती साधारण ९०० अंशांना वितळते. तांबं वितळतं १०८५ ला. म्हणजे हात चुकवायला जागा फारशी नाही.

पापुद्र्याचं काय? इथे वाळू चालत नाही, कारण तापमान कमी आहे. इथे येतो टाकणखार, म्हणजे सवागी, म्हणजे बोरॅक्स. तो साधारण ७४३ अंशांना वितळून काचेसारखा पसरतो आणि धातूचे ऑक्साइड स्वतःत विरघळवून घेतो. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला बोरॅक्स मण्याची चाचणी केली असेल, तर हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तांब्याच्या क्षाराने मणी निळसर होतो, कारण तांब्याचा ऑक्साइड त्या काचेत विरघळलेला असतो. कासाराच्या सांध्यावर हीच चाचणी चालू असते, फक्त तिथे गुण देणारं कुणी नसतं.

टाकणखाराचा स्वतःचा इतिहासही मोठा आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत जगाला मिळणाऱ्या टाकणखाराचा मोठा वाटा तिबेटच्या सरोवरांकाठून यायचा. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लादून तो हिमालयाच्या खिंडी ओलांडायचा आणि युरोपातल्या सोनारांपर्यंत जायचा. गुंडाच्या जोडाची रेघ अशी एकदम तिबेटच्या व्यापाराला जाऊन भिडते. "स्थानिक इतिहास" म्हणजे लहान इतिहास नव्हे, तो असा.

ब्रेझिंगची दुसरी अट म्हणजे फट. पातळ झालेला धातू फटीत ओढला जातो तो केशाकर्षणाने, जसं तेल वातीत चढतं. त्यासाठी फट साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर हवी, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. जास्त मोठी ठेवली तर धातू ओढला न जाता खाली गळतो. खूपच आवळली तर आत शिरत नाही. भंगारातली जुनी सायकल मिळाली तर फ्रेमच्या सांध्यावरचा रंग खरवडून बघा. नळी जिथे जोडतुकड्यात शिरते तिथे पिवळी बारीक रेघ दिसते. तेच पितळ. झाडीपट्टीच्या रस्त्यांवर माणूस, पोतं आणि कॅरिअरवरचं पोर असं सगळं वजन त्या केसाएवढ्या थराने पेललं.

रॉडवरचं प्लास्टर

आता विजेचं वेल्डिंग. १८८० च्या दशकात रशियन साम्राज्यात निकोलाय बेनार्डोस यांनी कार्बनच्या कांडीने विजेची ज्योत पेटवून धातू जोडला. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली, म्हणजे कांडी वितळून सांध्यात भरली जाऊ लागली. उष्णतेचा प्रश्न कायमचा सुटला. ज्योतीत काही हजार अंश तापमान असतं, काहीही वितळतं.

तरी सांधे तुटायचे! का? उघड्या हवेत वितळलेलं लोखंड ऑक्सिजन आणि नायट्रोजन पिऊन घेतं आणि ठिसूळ होतं. म्हणजे पुन्हा तोच जुना शत्रू. स्वीडनचे ऑस्कर केलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कांडीवर खनिजांचं आवरण चढवलं. हे आवरण जळताना वायू सोडतं, तो हवेला दूर ठेवतो. वितळलं की त्याची मळी होते, ती घाण ओढून घेते आणि वर तरंगते. सांधा थंड झाल्यावर वेल्डर छोट्या हातोडीने वरचा काळा थर ठोकून काढतो. तो थर म्हणजे लोहाराच्या वाळूचा आणि कासाराच्या टाकणखाराचाच वंशज.

म्हणून "लोहार गेला, वेल्डर आला, जुनी विद्या संपली" असं एका झटक्यात लिहू नका. साधनं बदलली, भट्टीच्या जागी ट्रान्सफॉर्मर आला, शिकण्याची जागा घरातून आयटीआयच्या वर्गात गेली. पण काम तेच राहिलं. आणि हेही बघा, वेल्डर आल्यावरही रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणारा घिसाडी संपलेला नाही. विळ्याला धार आणि पाणी देणं हे रॉडने होत नाही.

आता घरच्या शेडमध्ये

इतिहास वाचून हात शिवशिवले असतील तर हे लक्षात ठेवा. सांधा का फसतो याची कारणं वरच्या इतिहासातच आहेत.

सांधा गोळ्या-गोळ्यांचा होतोय आणि धातू पसरत नाही? रंग, गंज, तेल काढलेलं नाही. जागा चकचकीत होईपर्यंत घासा. निम्मं काम तिथेच होतं.

ब्रेझिंगमध्ये पितळ ओढलं जात नाही? ज्योत भरणीच्या कांडीवर नको, तुकड्यांवर धरा. तुकडे इतके तापले पाहिजेत की त्यांना टेकवलेली कांडी त्यांच्याच उष्णतेने वितळेल. आणि पितळातून पांढरा धूर निघू लागला तर जास्त तापलं. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि ते उडून चाललंय.

पावसाळ्यात वेल्डिंगला बारीक भोकं पडतात? रॉडच्या आवरणाने ओल धरली आहे. चंद्रपूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये उघडं ठेवलेलं पाकीट दमट होणारच. ओलीतून हायड्रोजन येतो आणि कडक पोलादात तो नंतर तडा देतो, कधी कधी दुसऱ्या दिवशी.

ट्रकच्या कमानपट्टीचा सांधा काचेसारखा फुटतो? त्यात कार्बन जास्त असतो. झटकन थंड झालं की सांध्याशेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो. आधी तापवून घ्या, नंतर राखेत हळूहळू निवू द्या.

आणि जस्त चढवलेल्या पाइपवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी जस्त काढा, उघड्यावर करा. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काळ्या काचेशिवाय ज्योतीकडे बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न असा बांधा

आता सुरुवातीच्या अडचणीकडे येऊ. "लोहउद्योगाचा इतिहास" या विषयातून आपण काय काय वेगळं केलं? तीन प्रकारचे पुरावे.

पहिला कागद : भूगर्भ खात्याचे अहवाल, गॅझेटिअर, १९१६ चा रसेल-हिरालाल यांचा जातीजमातींवरचा ग्रंथ, १९४२ चं व्हेरियर एल्विन यांचं अगरिया लोहारांवरचं पुस्तक. प्रत्येक कागदाला आधी विचारा, तू कुणासाठी लिहिला गेलास? एल्विन मंडला-बिलासपूर भागाबद्दल लिहितात. ते उचलून चिमूरवर चिकटवायचं नाही.

दुसरा पुरावा वस्तू. धावेची ठिणगी ग्राइंडरवर बघा : कमी कार्बनच्या लोखंडाची ठिणगी लांब आणि सरळ जाते, जास्त कार्बनची फुलबाजीसारखी फुटते. हा प्राथमिक अंदाज. मग मालकाच्या परवानगीने नखाएवढा तुकडा, तो घासून, पॉलिश करून, अल्कोहोलमध्ये २ टक्के नायट्रिक आम्ल घेऊन खोदायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मळीचे धागे बघायचे. विद्यापीठाच्या कुठल्याही धातुशास्त्र विभागात एवढी सोय असते. उत्खननाच्या जागेवरची वस्तू मात्र उचलायची नाही, तो कायद्याने गुन्हा आहे.

तिसरा पुरावा हात. म्हातारे लोहार, कासार, सुतार यांना "पूर्वी कसं होतं?" असं विचारू नका, गोड गोष्टी ऐकायला मिळतील. "वाळू कुठल्या नाल्याची आणायचे? सगळी वाळू चालायची का? सवागी कधीपासून वापरायला लागलात? कुठल्या दुकानातून?" असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं, आणि ते कागदाशी आणि वस्तूशी ताडून बघता येतं.

यातला दुसरा पुरावा सगळ्यात वेगाने नाहीसा होतोय. गाड्यांना रबरी टायर आले, धावा गोठ्यात पडून राहिल्या आणि आता भंगारवाला त्या किलोच्या भावाने नेतो. तिथून त्या जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्टीत पोचतात आणि सळया होऊन बाहेर पडतात. पत्रं जळली तर निदान काय जळलं याची नोंद कुठे तरी उरू शकते. लोखंड वितळलं की मळीचे धागे वर तरंगतात आणि काढून टाकले जातात. त्या लोखंडाला आता कुठलाच प्रश्न विचारता येत नाही.

तेव्हा सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट बघू नका. या दिवाळीत गावी जाल तेव्हा एवढं करा : गोठ्यातल्या धावेचा व्यास, पट्टीची रुंदी आणि जाडी मोजा. सांध्याची जागा शोधा, हाताने चाचपली तर किंचित जाड लागते. फोटो काढा. गाव, घर आणि ती कुणी चढवली हे विचारून तारखेसह लिहून ठेवा. अशा दहा नोंदी झाल्या की गाइडसमोर जाताना तुमच्याकडे विषयासोबत प्रश्नही असेल.